टाइप वन डायबिटीस आणि पोटात बाळ: डोक्यात सतत फिरणाऱ्या आकड्यांचं काय करायचं?

माझ्या गरोदरपणात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो." आई म्हणायची, सासूबाई म्हणायच्या, खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये भेटल्या तरी म्हणायच्या. मायेनेच म्हणायचे सगळे. पण मला अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबिटीस आहे, दिवसाला चार-पाच इंजेक्शनं, आणि आता पोटात बाळ, म्हणजे उठल्यापासून झोपेपर्यंत (आणि झोपेतही) शुगरचा एक आकडा बघायचा, त्यावरून काय करायचं ते ठरवायचं, चुकलं तर दोन जीवांना भोगायला लागेल ही भीती, आणि हे सगळं करताना टेन्शन घ्यायचं नाही. ते कसं जमवायचं हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

दरवर्षी १४ नोव्हेंबरला, म्हणजे मधुमेह दिनाला, पेपरात आणि व्हॉट्सॲपवर गरोदरपणातल्या शुगरबद्दल भरपूर येतं. ते वाचून टाइप वनवाली मुलगी अजूनच घाबरते, कारण त्यातलं निम्मं तिला लागूच होत नाही. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, डोस तुमच्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण आपल्या शरीरात काय चाललंय हे नीट कळलं की काळजीचा बराच भाग खाली बसतो, हा माझा अनुभव आहे.

आधी हे स्पष्ट करू: हा "गरोदरपणातला डायबिटीस" नाही

बहुतेक लोकांना माहीत असतो तो गरोदरपणात सुरू होणारा आणि बहुतेकींचा डिलिव्हरीनंतर जाणारा डायबिटीस. ग्लुकोजचं पाणी पाजून टेस्ट करतात तो. त्यात आहार, चालणं यावर बऱ्याच जणींचं भागतं. टाइप वन वेगळा. इथे शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, मग इन्सुलिन बाहेरून घेतल्याशिवाय जगता येत नाही. गोड खाल्ल्यामुळे झालेला नसतो, कारल्याच्या रसाने जात नाही, आणि डिलिव्हरीनंतरही जात नाही. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं १९२२ साली, टोरांटोत. त्याआधी टाइप वनच्या मुली आई व्हायच्या वयापर्यंत पोचणंच दुर्मिळ होतं. मला कोणी "आमच्या काळी असलं काही नव्हतं" म्हणालं की मला हेच आठवतं, नव्हतं म्हणजे त्या मुली उरतच नव्हत्या.

आणि हो, इन्सुलिन बाळाला बाधत नाही. वार, म्हणजे आई आणि बाळामधली ती गादी, चाळणीसारखी असते. आईच्या रक्तातलं ग्लुकोज तिच्यातून पलीकडे जातं, इन्सुलिन जात नाही. त्यामुळे "बाळासाठी एवढी इंजेक्शनं कमी कर गं" हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो धोकादायक आहे.

नऊ महिन्यांत शरीर तीन वेळा नियम बदलतं

मला सगळ्यात जास्त त्रास याचा झाला. वीस वर्षं जे गणित पाठ होतं, दोन पोळ्यांना एवढं, वाटीभर भाताला तेवढं, ते दर दोन आठवड्यांनी चुकायला लागलं आणि मला वाटलं मीच हलगर्जी झालेय.

होतं असं. पहिल्या काही आठवड्यांत इन्सुलिनची गरज थोडी वाढते. मग साधारण नवव्या ते सोळाव्या आठवड्यात ती कमी होते, आणि नेमकं तेव्हाच उलट्या चालू असतात, म्हणजे इंजेक्शन घेतलं आणि जेवण सगळं बाहेर. या काळात शुगर खूप खाली जायचा, म्हणजे हायपोचा धोका सगळ्यात जास्त. त्यात आधी जी लक्षणं कळायची, घाम, थरथर, तीही कमी जाणवतात. सोळाव्या आठवड्यानंतर उलट सुरू होतं. वारेतून येणारी हार्मोन्स इन्सुलिनला काम करू देत नाहीत, आणि शेवटाकडे डोस दुप्पट होणं, कधी त्याहून जास्त होणं, हे अगदी नॉर्मल आहे. मी सव्वीस युनिटवरून अडुसष्टवर गेले तेव्हा रडले होते, मला वाटलं आजार वाढला. आजार वाढला नव्हता, वार चांगली काम करत होती!

पस्तीसाव्या आठवड्याच्या आसपास ही वाढ थांबते. आणि डिलिव्हरीत वार बाहेर पडली की काही तासांतच गरज धाडकन खाली येते.

म्हणजे हा घाटातला रस्ता आहे, सरळ हायवे नाही. दर वळणावर गियर बदलायला लागतोय म्हणून ड्रायव्हर वाईट, असं आपण म्हणत नाही ना.

काळजी इतकी चिकटते का?

गॅसवर दूध ठेवलंय आणि तुम्हाला सांगितलंय की उतू जाता कामा नये. दहा मिनिटं उभं राहणं सोपं आहे. पण तेच दूध नऊ महिने, चोवीस तास गॅसवर असेल, तुम्ही पाठ फिरवली की वर येत असेल, आणि वर घरातले येता-जाता "दूध बघतेस ना?" विचारत असतील तर काय होईल? तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर पडायलाच घाबराल. माझं तसंच झालं होतं. सेन्सर, म्हणजे दंडावर चिकटवायचं, सतत शुगर मोजणारं छोटं यंत्र, लावलेला होता, फोनवर आकडा दिसायचा, मी दिवसातून शंभरेक वेळा बघत असेन. लग्नाला गेले तर अक्षता पडतायत आणि मी फोन बघतेय.

डॉक्टरी भाषेत याला "डायबिटीस डिस्ट्रेस" म्हणतात, म्हणजे हा आजार सांभाळण्याच्या रोजच्या ओझ्यानेच येणारा मानसिक थकवा आणि भीती. हा वेडेपणा नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. तुमच्या डोक्याला खरंच एक मोठं काम दिलंय, आणि डोकं ते काम जरा जास्तच इमानदारीने करतंय. प्रॉब्लेम असा की घाबरलं की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, त्याने शुगर वर जाते, ती बघून आपण अजून घाबरतो, मग घाबरून जास्तीचं इन्सुलिन मारतो, आधीचं अजून काम करत असतं, दोन्ही एकदम लागतात आणि तासा-दीड तासाने शुगर पन्नास! मग हाताला येईल ते खातो आणि परत वर. एका बिचकण्यातून पूर्ण दिवस असा झोपाळ्यावर जातो.

पण आकडा वाईट आला म्हणजे बाळाचं नुकसान झालंच ना?

हाच तो मूळ प्रश्न, म्हणून इथे जरा थांबते.

आईची शुगर जास्त असेल तर चाळणीतून जास्त ग्लुकोज बाळाकडे जातं. बाळाचं स्वादुपिंड धडधाकट असतं, ते स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, आणि त्या जास्तीच्या खुराकावर बाळ गुटगुटीत होतं. जन्मल्यावर नाळ कापली की खुराक बंद, पण बाळाचं इन्सुलिन अजून त्याच जोरात, जसं पंगत बसलीय, पानं मांडलीत आणि आतून जेवण यायचंच थांबलं. म्हणून अशा बाळांची शुगर पहिल्या दिवशी सारखी तपासतात. हे सगळं दिवस आणि आठवडे शुगर वर राहिल्यावर घडतं. एका दुपारी आमरस खाल्ल्यावर दोन तास १९० होती, त्याने बाळ बिघडत नाही.

टार्गेट काय देतात बघा. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवल्यावर एका तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. सेन्सर असेल तर ६३ ते १४० च्या मध्ये दिवसाचा ७० टक्के वेळ. आता हे उलटं वाचा. ७० टक्के म्हणजे उरलेले ३० टक्के, दिवसाचे सात तास, बाहेर गेले तरी तुम्ही टार्गेटमध्येच आहात. त्यातला खाली जाण्याचा वेळ मात्र थोडा हवा, तासाभरापेक्षा कमी. मला हे कोणी नीट समजावलं नव्हतं, मी शंभर टक्क्यांच्या मागे धावत होते.

आणि एक गोष्ट. २०१७ साली लॅन्सेटमध्ये कॉन्सेप्ट नावाचा मोठा अभ्यास छापून आला, कॅनडा, इंग्लंड, स्पेन, इटली वगैरे देशांतल्या टाइप वनच्या बायकांवर. सेन्सर वापरणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांना जन्मानंतर कमी त्रास झाला, स्पेशल केअरमध्ये कमी राहायला लागलं. चांगलीच बातमी आहे. पण मला धीर दिला तो आतल्या आकड्याने, सेन्सर असलेल्या त्या बायकांचा ३४ व्या आठवड्यातला टार्गेटमधला सरासरी वेळ ६८ टक्के होता, बिनसेन्सरवाल्यांचा ६१. म्हणजे एवढ्या सोयी, एवढे डॉक्टर, तरी सरासरी सत्तरच्या आतच, आणि त्या सात टक्क्यांच्या फरकानेसुद्धा बाळांना फायदा झाला. आणि सेन्सरवाल्यांतही निम्म्याहून जास्त बाळं वजनाने मोठीच होती. त्यामुळे सोनोग्राफीत "बेबी जरा मोठं आहे" असं ऐकलं की स्वतःला गुन्हेगार समजू नका. मला एका सोनोग्राफीच्या वेळी "काय, गोड खाणं बंद नाही वाटतं?" असं ऐकवलं गेलं होतं, बाकीच्या पेशंटसमोर. ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही, आणि ते चुकीचंही होतं.

"पण माझं बाळ राहिलं तेव्हाच शुगर जास्त होती"

ही भीती वेगळी आणि खोल असते. बाळाचं हृदय, मणका, मेंदू यांची पायाभरणी पहिल्या आठ-नऊ आठवड्यांतच होते, बऱ्याचदा आपल्याला कळायच्या आत. म्हणून प्लॅन करत असाल तर आधीच एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट, ६.५ च्या आसपास आणायला सांगतात, जास्त डोसचं फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करतात, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची काही औषधं बदलतात.

पण प्लॅन न करता राहिलं तर? माझं कळलं तेव्हा सहावा आठवडा होता आणि एचबीए१सी ७.६. मी तीन रात्री झोपले नाही. खरं काय ते असं: कुठल्याही गरोदरपणात शंभरात दोन-तीन बाळांमध्ये काहीतरी जन्मजात दोष असतो. एचबीए१सी जसं वर तसा हा धोका वाढतो, दहाच्या वर बराच वाढतो, म्हणून तेव्हा डॉक्टर थांबायला सांगतात. पण वाढलेल्या धोक्यातही बहुतेक बाळं नीटच असतात. आणि मागचे आठवडे बदलता येत नाहीत, तपासता मात्र येतात. अठरा ते बावीस आठवड्यांच्या मध्ये ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट बघणारी सोनोग्राफी, आणि बाळाच्या हृदयाची टूडी इको करतात, ती नक्की करून घ्या. माझी इको एकविसाव्या आठवड्यात झाली. डॉक्टरीणबाई एकेक कप्पा दाखवत "हा ठीक, हा ठीक" म्हणत होत्या आणि माझ्या नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

मग काळजी करायचीच नाही का?

करायची, पण वाटून. मला एका समुपदेशक ताईंनी शिकवलं ते सांगते. काळजी आली की तिला एकच प्रश्न विचारायचा, "आत्ता, या मिनिटाला, यावर करण्यासारखं काही आहे का?"

असेल तर ती काळजी नाही, काम आहे. शुगर ५८? पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी परत बघ. शुगर दोनशेच्या वर आणि उलट्या थांबत नाहीत? लघवीतले किंवा रक्तातले कीटोन (शरीर ग्लुकोजऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होणारी आम्लं) तपास आणि लगेच डॉक्टरांना फोन कर, कारण गरोदरपणात कीटोन कमी शुगरलाही वाढू शकतात आणि ते आई-बाळ दोघांना खरंच धोक्याचं असतं. बाळाची हालचाल कमी वाटतेय? रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटल गाठायचं, "सकाळी बघू" नाही. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनची गरज काही कारण नसताना एकदम कमी झाली, तरी कळवायचं. या सगळ्याचा एक कागद मी डॉक्टरांकडून लिहून घेतला आणि फ्रिजवर लावला. त्याचा मोठा फायदा हा की घाबरलेल्या डोक्याला विचार करायला लागत नाही, नुसतं वाचायचं.

आणि करण्यासारखं काही नसेल, म्हणजे "सिझर होईल का, बाळ काचेच्या पेटीत ठेवतील का, मी चांगली आई होईन का", तर ते वहीत लिहायचं आणि संध्याकाळी साडेसहा ते सात या वेळात त्याची काळजी करायची. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. पण डोक्याला "नंतर" असं नुसतं सांगून पटत नाही, "साडेसहाला" सांगितलं की पटतं. निम्म्या गोष्टी साडेसहापर्यंत फिक्या पडायच्या. उरलेल्या मी पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांसमोर वाचून दाखवायचे, वहीतून, एकेक.

आकडा बघायच्याही वेळा ठरवल्या. उठल्यावर, प्रत्येक जेवणाआधी आणि नंतर, झोपताना, आणि अलार्म वाजला तर. बाकी वेळ फोन पालथा. पहिले चार दिवस हात शिवशिवत होते.

रात्रीचं काय?

रात्री सगळं दुप्पट मोठं दिसतं. एक साधी गोष्ट मला सातव्या महिन्यात कळली, सेन्सर ज्या दंडावर आहे त्यावरच झोपलं तर दाब पडून तो खोटी कमी शुगर दाखवतो. डाव्या कुशीवर झोपा म्हणतात आणि माझा सेन्सर डाव्या दंडावर! आठवडाभर मी रात्री तीनला उठून साखर खात होते आणि सकाळी २१०. म्हणून अलार्म झाला आणि अंगाला काही जाणवत नसेल तर आधी बोटातून तपासा.

दुसरं, रात्रीचा अलार्म नवऱ्याच्या फोनवर दिला. त्याला शिकवलं, किती असेल तर मला उठवायचं, कितीला नुसतं बघत राहायचं, बेशुद्ध पडले तर तोंडात काही घालायचं नाही, शुगर पटकन वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात असेल तर ते द्यायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. आणि हेही त्याला डॉक्टरांकडूनच ऐकवलं की आईची शुगर थोडा वेळ थोडी खाली गेली तर बाळाला त्याने इजा होते असं दिसलेलं नाही, जपायचं असतं ते मुख्यतः आईला. त्याने दोघांच्याही छातीवरचं ओझं उतरलं.

घरचे, डोहाळजेवण आणि "दोन जीवांची आहेस"

दोन जीवांची आहे म्हणून दुप्पट खायचं नसतं हे आता बऱ्याच घरांत कळतं, पण टाइप वनमध्ये उलटं पण होतं, काहीच खाऊ देत नाहीत. भात बंद, फळं बंद. मग कीटोन वाढतात. मोजून, त्या प्रमाणात इन्सुलिन घेऊन, वेळेवर, एवढंच असतं ते. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिन अंगात मुरायलाही जास्त वेळ लागतो, म्हणून जेवणाच्या बऱ्याच आधी घ्यायला सांगतात. सासूबाईंना हे कळल्यावर त्या कुकर लावतानाच हाक मारायच्या, "इंजेक्शन घे गं, वीस-पंचवीस मिनिटांत पानं घेते." यापेक्षा मोठी मदत मला कोणी केली नाही.

डोहाळजेवणाला मी अर्धी पुरणपोळी खाल्ली, मोजून इंजेक्शन घेऊन. कोणीतरी डोळे मोठे केले. आईने सांगितलं, "तिचं तिला कळतं." उपवास मात्र नऊ महिने बंद ठेवले, साबुदाण्याची खिचडी म्हणजे शुगरला रॉकेटच, आणि उपाशी राहणं त्याहून वाईट.

"काळजीनेच बाळाला त्रास होतो ना? मग आता काळजीचीच काळजी"

रोजची धाकधूक, रडू येणं, एखादी रात्र न झोपणं, याने बाळाचं काही बिघडत नाही. तेवढ्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. पण दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवावंसं वाटत नाही, छातीत धडधड, कशातच मन नाही, भीतीपोटी इन्सुलिन कमी घेताय किंवा शुगर मुद्दाम खाली ठेवताय, किंवा आपण नसलेलंच बरं असं मनात येतंय, तर तो आता नुसता काळजीचा विषय नाही, त्यावर उपचार लागतो आणि तो असतो. आधी स्वतःच्या गायनॅकला सांगा. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट. मनाची काही औषधं गरोदरपणातही देता येतात, आधीपासून चालू असतील तर घाबरून स्वतःहून बंद करू नका.

बाळालाही डायबिटीस होईल का?

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, बारशाच्या आधीच. आईला टाइप वन असेल आणि बाळ तिच्या पंचविशीनंतर झालं तर साधारण शंभरात एकाला होतो, पंचविशीच्या आधी झालं तर पंचवीसात एकाला. वडिलांना असेल तर साधारण सतरात एकाला. म्हणजे आईकडून धोका वडिलांपेक्षा कमीच, तरी प्रश्न विचारतात आईलाच.

डिलिव्हरीनंतर लगेच

इथे सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि आईची शुगर खाली जाते. वार बाहेर पडली की डोस त्याच दिवशी उतरवायला लागतो, बऱ्याचदा गरोदरपणाच्या आधीपेक्षाही खाली, हे आधीच लिहून ठेवायला सांगा. दूध पाजताना शुगर अजून उतरते. डिंकाचे, अळिवाचे लाडू आले की त्यांचेही कार्ब्स मोजा, पण हायपोवर लाडू उपयोगाचा नाही, तुपामुळे साखर हळू चढते, तिथे ग्लुकोजच पाहिजे.

माझ्या लेकीची शुगर पहिल्या सकाळी ३८ आली होती. नर्सने मी आधीच्या आठवड्यांत डॉक्टरांना विचारून काढून ठेवलेलं चिकाचं दूध सिरिंजने पाजलं, तासाभराने ५६. मी पलंगावर पडल्या पडल्या आकडा ऐकला आणि पहिल्यांदाच तो आकडा कुणीतरी दुसरं माणूस सांभाळत होतं. आता तिच्या रात्रीच्या दुधाच्या वेळी उशाशी पाण्याची बाटली, ग्लुकोजचा डबा आणि एक केळं असतं. अलार्म अजून नवऱ्याच्याच फोनवर आहे.